नोटांचा डागदर

फाटकी नोट हातात आली की खिल्लारे आधी ती कानाशी न्यायचे. दोन बोटांनी हळूच वाजवायचे. मग नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि जाळीपलीकडच्या माणसाला अगदी गंभीरपणे विचारायचे, "कवापासून तकलीफ हाय?"

नवखा माणूस गडबडायचा. "गुडघ्याची व्हय? दोन वर्सं झाली, साहेब. जिना चढताना लई दुखून राहिलाय."

"तुमची न्हाई, काका. हिची."

मग दोन्ही तळव्यांवर ती नोट घेऊन ते आतल्या खोलीत जायचे. दाराशी बंदूक घेऊन बसलेले आमचे पहारेकरी शेख चाचा लगेच उठून पुकारा करायचे, "आपरेशन चालू है! पंखे बंद!" आणि सगळ्या बँकेचे पंखे बंद व्हायचे. मे महिना असो, बाजाराचा दिवस असो, पैसे भरायला आलेला सरपंच असो. माणसं पासबुकानं वारा घेत उभी राहायची, पण कुरकुरत नसत. उलट एखाद्यानं जोरात शिंक दिली तर रांगेतले लोकच त्याला दटावायचे.

हिंगोलीहून सेनगावकडे जाताना एक बाजाराचं गाव लागतं. तिथल्या शाखेत मी शाखाधिकारी होतो आणि तुळशीराम खिल्लारे कॅशियर. गावाचं आणि बँकेचं नाव मी सांगत नाही, कारण जी चूक मी पुढं सांगणार आहे ती त्यांची नव्हती. आता मला शहात्तरावं चालू आहे. शाखेच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, आणि सध्याच्या शाखाधिकारी बाईंनी मला फोन करून सांगितलं, "सर, शाखेचा जुना इतिहास तुम्हीच लिहा. आणि तो खिल्लारेंच्या पंख्याचा किस्सा नक्की टाका हं, सगळ्यांना आवडतो."

तो किस्सा आवडता कोणी केला, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. म्हणून हे लिहितो आहे.

पण आधी खिल्लारे.

आमच्या भागात तेव्हा माणसं पैसा घरात ठेवायची, आणि घर म्हणजे उंदीर, वाळवी, चूल, शेळी आणि पाऊस. ज्वारीच्या कणगीत ठेवलेल्या नोटा उंदीर खायचा. भिंतीच्या कोनाड्यातल्या वाळवी खायची. धोतराच्या सोग्यात राहिलेल्या धुतल्या जायच्या. मग ती माणसं रुमालात गुंडाळलेला चुरा घेऊन बँकेत यायची. नियम असा की नोटेचा पुरेसा भाग जागेवर असेल तर पूर्ण पैसे, कमी असेल तर अर्धे, आणि त्याहून कमी असेल तर काही नाही. दुसऱ्या बँकांतले कॅशियर चुऱ्याकडं बघून हात झटकायचे. खिल्लारे म्हणायचे, "टेबलावर घ्या पेशंटला."

आतल्या खोलीत एक मोठं टेबल होतं. त्यावर खिडकीची जुनी काच. हत्यारं म्हणजे एक भिंग, एक मोराचं पीस आणि बायका भुवया कोरतात तो चिमटा. हा चिमटा त्यांनी बाजारातल्या बांगडीवालीकडून घेतला होता. तिनं विचारलं, "कोनासाठी पायजे, दाजी?" हे म्हणाले, "नोटेसाठी." त्यावर ती जी हसत सुटली ती पुढं कित्येक वर्षं त्यांना बघितलं की भुवई उडवायची.

चिकटपट्टीचा त्यांना भयंकर राग. चिकटपट्टी लावलेली नोट आली की ते आणणाऱ्याकडं असं बघायचे, जणू त्यानं लेकराच्या जखमेवर डांबर लावलंय. स्वतः ज्वारीच्या पिठाची खळ करायचे आणि आधाराला सिगारेटच्या पाकिटातला पातळ पांढरा कागद वापरायचे. त्यासाठी पानटपरीवर जाऊन रिकामी पाकिटं मागायचे. आयुष्यात विडीला हात न लावलेला हा माणूस, पण त्यांच्या सासुरवाडीला पक्की खबर गेली होती की जावई दिवसाला सात-आठ पाकिटं संपवतो. सासरे समजावायला आले तेव्हा खिल्लाऱ्यांनी त्यांना खोलीत नेऊन एक शंभराची नोट जुळताना दाखवली. सासरे दोन तास श्वास रोखून उभे. जाताना म्हणाले, "ओढत असते तरी चाललं असतं."

वासावरून त्यांना नोटेचं गाव कळायचं. मी हे थट्टेनं लिहीत नाही, परीक्षा घेऊन लिहितो आहे. मी त्यांचे डोळे बांधून पुढं नोटा धरल्या आहेत. "ही सिद्धेश्वरची. धरणावरच्या मासेवालीकडची." "ही हळदीच्या खळ्यावरून आलीय, दोनच दिवस झाले." "ही माणसाच्या छातीशी लई दिवस होती, साहेब. म्हातारीची असंल. तमाखूचा वास हाय." प्रत्येक वेळी बरोबर. मी पगारासाठी नोकरी करणारा माणूस. हा माणूस त्याच कागदातून अख्खा जिल्हा हुंगत होता.

रोगनिदानही तसंच. "उंदीर कडंकडंनं खातो. वाळवी मधून जाते, कडा ठेवते. शेळी मात्र सरळ गांधीबाबाच्या चष्म्यापासून सुरू करती." एकदा एक शेतकरी अर्धी नोट घेऊन आला. अर्धी शेळीनं खाल्लेली. आणि पुरावा म्हणून तो शेळीच घेऊन आला होता.

शेख चाचांनी तिला दारात अडवलं. "इसका खाता है क्या इधर?"

"खातं न्हाई, पन नोट हिनंच खाल्ली," शेतकरी म्हणाला.

खिल्लारे बाहेर आले. शेळीला बघितलं, तिची हनुवटी धरली आणि प्रेमानं म्हणाले, "आ कर, बाई." मग चिमटा आत घातला. मी केबिनच्या दारातून बघत होतो. मागच्या दाढेतून त्यांनी नखाएवढा कोपरा काढला, भिंगाखाली धरला, आणि त्यावर नोटेचा नंबर शाबूत होता. बँकेत टाळ्या पडल्या. शेळी ओरडली. पंखे तेव्हाही बंद होते.

लग्नात त्यांना बोलवायचं म्हणजे धोकाच. नवरदेवाच्या गळ्यात नोटांचा हार असायचा, आणि त्या नोटा एकमेकींना पिनांनी टोचलेल्या. एका लग्नात वरात मांडवाच्या दाराशी आली, वाजंत्री थांबली, आणि खिल्लारे घोड्यापाशी जाऊन उभे राहिले. "नवरदेव, दम धरा जरा. ह्या टोचून राहिल्यात." एकेक पिन काढून खिशात टाकत राहिले. मुहूर्त चालला. नवरीचा मामा वरच्या आवाजात म्हणाला, "ओ डागदर, लगीन नोटंचं हाय का पोरीचं?" खिल्लारे म्हणाले, "पोरीला कोनी टोचलं असतं तर तुमी थांबला असता का न्हाई?" शेवटी मामाच हाराची दुसरी बाजू धरून उभा राहिला.

एकदा एक फार म्हातारे गृहस्थ पेटीच्या तळातली एक नोट घेऊन आले. निजामाच्या राज्यातली. वडिलांनी जपून ठेवलेली. घडीची खूण सोडली तर अगदी कोरी. हिचे आता किती मिळतील, असं त्यांनी विचारलं. खिल्लाऱ्यांनी ती कानाशी वाजवली, वास घेतला, उजेडात धरली, आणि उभं राहून दोन्ही हातांनी परत दिली.

"नोट ठणठणीत हाय, बाबा. हिला काही झालं न्हाई. हिचं राज्य गेलं."

म्हातारबाबांना इतकं बरं वाटलं की ते पैसे न मिळताही पेढे वाटून गेले.

आणि त्यांची वही. सरकारी नव्हे, स्वतःची. वरती लाल शाईनं 'केसपेपर' असं लिहिलेलं. नमुना देतो: 'पेशंट: पन्नासची. राहणार साखरा. आजार: कणगीतला उंदीर. सोबत कोण: सासू. परिणाम: वाचली.' दुसरा: 'पेशंट: शंभरच्या दोन. राहणार सिद्धेश्वर. आजार: जाळ्याबरोबर भिजल्या. सोबत कोण: कोणी नाही, माणूस एकटाच रडत आला. परिणाम: वाळवून घरी.' बाईंना शाखेचा इतिहास हवा आहे ना, तो त्या वहीत आहे. हळदीला भाव आला त्या सालाची पानं पिवळी पडलेली आहेत, बोट लावलं तर अजून रंग येतो. पाऊस गेला त्या सालात पानंच्या पानं कोरी आहेत, कारण घरात खाण्यासारखी नोटच नव्हती, उंदरालाही. ठेवी, कर्ज, उद्दिष्टं हे सगळं मी वरच्या ऑफिसला पाठवत होतो. पण लोकांनी पैसा कुठं लपवला, कोणापासून लपवला आणि तो हरवला तेव्हा बँकेत सोबत कोण आलं, हे फक्त खिल्लारे लिहीत होते.

आता पंख्याचा किस्सा.

साखऱ्याच्या पंचफुलाबाई खिल्लारेंच्या लेकीच्या, मंगलच्या, शेजारी राहायच्या. विधवा. रोजानं कामाला जायच्या. त्यांना पिठाची गिरणी घ्यायची होती. सेनगावला एकजण जुनी गिरणी विकत होता आणि पुढच्या गुरुवारपर्यंत थांबायला तयार होता. बाईंनी वर्षानुवर्षं मागं टाकलेले पैसे भिंतीच्या कोनाड्यात, फडक्यात बांधून, वरून मातीनं लिंपून ठेवले होते. लिंपण फोडलं तेव्हा आत वाळवी. मंगलनं त्यांना बापाकडं पाठवलं.

बाईंनी फडकं टेबलावर सोडलं तेव्हा मी बघितलं. मला त्यात नोटा दिसल्याच नाहीत. मातकट भुगा आणि वाळक्या पाल्यासारखे तुकडे. मी बाईंना म्हणालो, "काही होणार नाही, मावशी."

खिल्लाऱ्यांनी एक तुकडा कानाशी नेला. बराच वेळ ऐकला. "हायत," ते म्हणाले. "आत हायत."

दहा दिवस तो माणूस त्या टेबलावर वाकलेला होता. कॅशचं काम संपलं की आत. सुट्टीतही आत. नोटेच्या पाठीमागं पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. त्यांना वाचता यायच्या त्यातल्या दोन-तीन, पण सगळ्या अक्षरांची वळणं पाठ होती. तांदळाएवढ्या तुकड्यावर अर्धी वेलांटी दिसली तरी म्हणायचे, "ही खालून तिसऱ्या ओळीची." चंदेरी धाग्याच्या टोकावरून कोणता तुकडा कोणत्या नोटेचा ते ओळखायचे. आणि एकेक नोट त्या भुग्यातून वर यायला लागली. मी देवळात फार जाणारा माणूस नाही, पण त्या काचेपुढं उभं राहिलो की माझे हात आपोआप मागं बांधले जायचे. पंचफुलाबाई रोज येऊन दाराशी बसायच्या. एकेक नोट उमटताना बघायच्या आणि दुपारच्या गाडीनं जायच्या.

मंगळवारी सगळ्या नोटा जुळल्या. सगळ्या. कोरड्या तुकड्यांनी मांडलेल्या, वरून दुसरी काच झाकलेली. आता फक्त काच उचलून खळ लावायची होती.

तेव्हा आमच्याकडं भारनियमन जोरात होतं. त्या दिवशी सकाळीच लाइट गेली होती. खिल्लारेंचा स्वतःचा नियम होता की आल्यावर आधी आतल्या पंख्याचं बटन बंद आहे का बघायचं, मग बाकी काम. दुपारी ते हात धुवायला गेले असताना मी एक फाइल घ्यायला त्या खोलीत गेलो. घामानं जीव चालला होता. लाइट आली का बघावं म्हणून मी पंख्याचं बटन दाबलं. पंखा फिरला नाही. तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला, आणि मी बटन तसंच ठेवून गेलो.

एवढंच. ते परत बंद करायचं, हे मी विसरलो.

खिल्लाऱ्यांनी येऊन वरची काच उचलली. पंचफुलाबाई दाराशी होत्या. खळीची वाटी जवळ घेतली, पहिल्या नोटेवर वाकले, आणि लाइट आली.

खळ्यावर भुसा उडतो तसं झालं. खोलीभर कागद. खिडकी उघडी होती, बाहेर बाजार भरलेला. शेख चाचा बंदूक टाकून टेबलावर पालथे पडले. क्लार्क लोक टोप्या घेऊन तुकड्यांमागं धावले. बाहेर वांग्यांच्या ढिगाऱ्यावर तुकडे पडले, भाजीवाली ओरडायला लागली. हे सगळं मी पुढं अनेकदा सांगितलं आहे आणि लोक हसले आहेत. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. खिल्लारे जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे काचेवर दाबून धरले होते. प्रत्येक तळव्याखाली एकेक नोट राहिली होती, आणि डोक्यावरून बाकीच्या चालल्या होत्या.

चाचांनी उठून बटन बंद केलं. मग सगळे त्या बटनाकडं बघायला लागले, आणि तिथून खिल्लाऱ्यांकडं.

"बटन मी बघितलं होतं," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "बघितलं होतं ना मी?"

मी दारात उभा होतो. तोंड उघडलं असतं तर पाच शब्दांचं काम होतं. पण माझ्या सेवापुस्तकात तोवर एकही शेरा नव्हता, आणि निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. आणखी एक आहे, तेही लिहितो. मी देशमुख, खिल्लारे बौद्धवाड्यातले. त्यांची चूक पटायला त्या खोलीत कोणाला क्षणही लागला नाही. माझी पटायला पुरावा मागितला गेला असता. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

पंचफुलाबाईंनी पदरात सापडतील तेवढे तुकडे गोळा केले आणि काचेवर आणून ठेवले. "डागदर, तुमची काय बी चूक न्हाई. वाऱ्यानं केलं," त्या म्हणाल्या. खिल्लाऱ्यांना ते सहन झालं नाही. ते मागच्या दारानं निघून गेले.

जे सापडलं त्याचे बाईंना थोडे पैसे मिळाले. गुरुवारी गिरणी दुसऱ्याला गेली. शुक्रवारी मी खिल्लाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल मेमो दिला. त्यांनी वाचला, खाली सही केली आणि चिमटा, भिंग, मोराचं पीस आणि ती वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. "हे जमा करून घ्या, साहेब. माझ्या हातावर माझा भरवसा न्हाई ऱ्हायला." त्यानंतर त्यांनी फाटकी नोट कधी कानाशी नेली नाही. शाखेचे पंखे फिरायला लागले. लोकांना बरं वाटलं असेल.

पुढं मी निवृत्त झालो. नंतर खिल्लारे झाले, तेव्हा त्यांच्या निरोपसमारंभाला मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. आणि मी भाषणात पंख्याचा किस्सा सांगितला. वांगी, भाजीवाली, टेबलावर पालथे पडलेले चाचा. लोक पोट धरून हसले. खिल्लारेही हसले, हार गळ्यात घालून, मान खाली घालून. आपल्याच चुकीवर हसावं लागतं तसं. तेव्हापासून तो किस्सा आमच्या बँकेत फिरतो आहे. मीच तो सोडला.

शाखाधिकारी बाईंचा फोन आल्यावर आठवडाभर मी कागद पुढं घेऊन बसलो. काही लिहवेना. शेवटी एसटी धरली आणि हिंगोलीला त्यांच्या घरी गेलो.

खिल्लारे ओसरीवर तुरीची डाळ निवडत होते. मला बघून घाईनं उठले. "या साहेब, या. अचानक?" मग वहिनींना हाक मारली, "अगं, देशमुख साहेब आल्यात, चहा ठेव." इकडचं तिकडचं बोलणं झालं. म्हणाले, "आता नोटंला कोन इचारतंय. भाजीवाली बी मोबाइल पुढं करून राहिली. बरंच झालं म्हना. उंदरांचे हाल झाले तेवढे." आम्ही हसलो. मी विचारलं, "मंगल कशी आहे? साखऱ्याला जाणं-येणं असतं का?"

ते डाळीकडं बघायला लागले. उत्तर आतून आलं, वहिनींचं. "कुठलं जाणं, साहेब. वीस वर्सं झाली, लेकीचा उंबरा चढले न्हाईत. नातवाच्या बारशाला न्हाई, तिनं घर बांधलं त्या वास्तूला न्हाई. लेकच येती दिवाळीला. काहून म्हनलं तर म्हनतात, पंचफुला शेजारी हाय, तिला तोंड कसं दावू."

"जाऊ दे की," खिल्लारे म्हणाले.

"काहून जाऊ दे? त्या बाईनं तवाच माफ केलं. मंगल सांगती, अजून इचारती डागदर कवा येनार म्हनून."

मग मी सांगितलं. फाइल, घाम, बटन, फोन. सगळं सांगायला दोन मिनिटं लागली असतील. वीस वर्षं बाळगलेली गोष्ट इतकी छोटी असते, याची लाज वाटली.

खिल्लाऱ्यांनी डाळीचं सूप बाजूला ठेवलं. म्हणाले, "म्हंजी सकाळी मी बटन बंद बघितलं होतं."

"मी खोलीत आलो तेव्हा बंदच होतं. मी दाबलं."

"बराबर आठवतंय तुमाला?"

"रोज आठवतं."

"मला बी रोज," ते म्हणाले. "सकाळी बँकेत आलो, डबा ठेवला, टोपी काढली, आतल्या खोलीत गेलो, हितवर दिसतं. मंग बटनापाशी आलं की दिसंना होतं. बघितलं का न्हाई, बघितलं का न्हाई. वीस वर्सं मी त्या भिंतीपुढं उभा हाय, साहेब." त्यांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, एखादी वस्तू परत मिळाल्यावर पाहतात तसा. मग आत वळून मोठ्यानं म्हणाले, "अगं ऐकलं का? बटन बंद होतं!"

वहिनी चहाचा कप घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला, थोडा सांडला. "आन तुमी वीस वर्सं गप ऱ्हायलात," त्या म्हणाल्या. "आन वरून भाषनात हसवलंत."

"हो," मी म्हणालो. खिल्लाऱ्यांनी मला सावरून घेतलं नाही आणि बोलही लावला नाही. ते उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा सदरा होता.

"सेनगावची गाडी किती वाजता हाय?"

"काहून?" वहिनींनी विचारलं.

"तिथून साखऱ्याला जाता येतं. पिशवी भर."

मी उभा राहिलो. "मीही येतो. पंचफुलाबाईंना मीच सांगतो, माझ्या तोंडानं."

"न्हाई साहेब," खिल्लारे म्हणाले. इतकी वर्षं त्यांनी मला कधी नाही म्हटलं नव्हतं. "आज मी लेकीच्या घरी चाललोय. तुमचं तुमी दुसऱ्या दिवशी जा." चपला घालता घालता थांबले. "पन जा."

मी गेलो, चार दिवसांनी. तिथं काय बोलणं झालं ते पंचफुलाबाईंचं आणि माझं आहे. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, एवढं या इतिहासात नोंदवून ठेवतो.

त्या दिवशी मात्र दोघं घाईघाईनं निघाले. मी अजून ओसरीवर आहे हे त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. वहिनींच्या हातात पिशवी, खिल्लारे दोन पावलं पुढं. वळणावर ते थांबले आणि मागं वळून त्यांनी विचारलं, ते मला इथवर स्पष्ट ऐकू आलं.

"मंगलचं नवं घर शाळेच्या अलीकडं का पलीकडं गं?"